गर्जत्या वाघांचं रिंगण

एका जंगलात, बाळांनो, एक संघ होता आणि तो हरत होता.

नीट बसा. नाकं पुसा. मोठी माणसं जेव्हा म्हणतात की ही गोष्ट तुमच्या भल्याची आहे, तेव्हा ती त्यांच्या भल्याची असते. ही कोणाच्याच भल्याची नाही. त्यामुळे निर्धास्त ऐका.

जंगलाचं नाव कारवीबन. संघाचं नाव गर्जते वाघ. संघात वाघ एकही नव्हता. अख्ख्या कारवीबनात नव्हता. एक होता, तो आमच्या आजोबांच्या काळात जंगल सोडून गेला. का गेला ते कोणी सांगत नाही, पण गोष्ट संपेपर्यंत तुम्हाला अंदाज येईल.

तरी आम्ही पोरं अंगावर चिखलाचे पट्टे ओढून प्रत्येक सामन्याला जायचो आणि घसा बसेपर्यंत गुरगुरायचो. गुरगुरणाऱ्यांत ससे होते, खारी होत्या, एक बेडूक होता. समोरचा संघ कधी घाबरला नाही. बेडूक मात्र स्वतःच्या आवाजानं दोनदा दचकला.

खेळ सोपा आहे. असोला नारळ घ्यायचा, म्हणजे न सोललेला, दोन्ही टोकांना निमुळता. तो घेऊन पळायचं, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. समोरचे अंगावर येतात, त्यांना चुकवायचं. मैदानाच्या टोकाला चुन्याची रेघ. नारळ रेघेपलीकडे पोचला की गुण. चार डावांत दहा पावलं पुढे सरकला नाहीत, तर नारळ समोरच्यांच्या हातात.

आता लक्ष द्या. प्रत्येक डावाच्या आधी गडी डोक्याला डोकं लावून गोल उभे राहतात. त्याला रिंगण म्हणतात. नारळ कोण फेकणार, कोण धावणार, हे रिंगणात ठरतं. पंच सुतार पक्षी. तो शेजारच्या खोडावर टकटक सुरू करतो. टकटक थांबायच्या आत डाव सुरू करायचा. नाही केला, तर पाच पावलं मागे.

बाकीच्या जंगलांत रिंगण शिंकेएवढं असतं.

"डावीकडून."

"बरं."

संपलं. गडी पळाले.

आमच्या जंगलात मात्र चार जण गोल उभे राहिले की ती सभा होते. आणि सभा म्हटली की तिला अध्यक्ष लागतो.

अध्यक्ष अप्पा कासव. वय विचारू नका, ते स्वतःहून सांगतात. नारळाशी त्यांचा संबंध एवढाच की लहानपणी एक त्यांच्या पाठीवर पडला होता. एवढ्या अनुभवावर ते खेळातले जाणकार झाले. ते चालत मैदानाच्या मध्यावर येईपर्यंतच सुतार पक्ष्याची निम्मी टकटक संपायची.

मग टिटवीबाई. त्या चिटणीस. "अप्पांनी आजच्या रिंगणाचं अध्यक्षस्थान स्वीकारावं अशी मी विनंती करते," असं त्या म्हणायच्या. अप्पा तिथे सभा सोडून दुसरं काही करायला आलेले नसत, तरी विनंती व्हायची. मग अनुमोदन. मग प्रास्ताविक. मग दादासाहेब गव्याचं मनोगत. दादासाहेब संघाचे मालक. मैदान त्यांचं, नारळाची बाग त्यांची, आणि सगळ्यात मोठी शिंगंही त्यांचीच.

सगळ्यात शेवटी अस्वल मास्तर. हे संघाचे प्रशिक्षक. शेजारच्या जंगलातून मुद्दाम आणलेले. त्यांच्या डोक्यात एकाहून एक डाव होते म्हणे. कोणी ऐकले नाहीत. त्यांची पाळी यायची आणि ते तोंड उघडायचे, "तर गोदी, तू..." आणि टकटक थांबायची.

पाच पावलं मागे.

पुन्हा रिंगण. पुन्हा अध्यक्ष, कारण आधीच्या सभेची सांगता झालेली असायची. एकदा तर पाणथळीच्या संघातल्या कुणाचा तरी चुलता वारला होता, म्हणून भर डावात मौन पाळलं. सुतार पक्षी नियमाचा पक्का. त्यानं मौनातही टकटक केली आणि पाच पावलं मागे ढकललं.

मागे जात जात गर्जते वाघ स्वतःच्याच रेघेपलीकडे जायचे. त्याचा गुण समोरच्यांना मिळतो. त्यामुळे आमच्याशी सामना असला की समोरचे संघ जेवून यायचे, गवतात आडवे व्हायचे आणि जिंकून घरी जायचे.

अख्ख्या हंगामात आमचा नारळ एकदाही पलीकडच्या रेघेवर पोचला नाही. अस्वल मास्तर म्हणायचे, हे पुनर्बांधणीचं वर्ष आहे. मागचं वर्षही पुनर्बांधणीचं होतं. आमचा संघ बांधतानाच मी पाहिलाय, बांधलेला कधी पाहिला नाही.

आणि आम्ही काय करायचो? सामना संपला की वडाखाली बसायचो आणि कोणाचं कुठे चुकलं ते एकमेकांना सांगायचो. "मी असतो ना तिथे," अशी प्रत्येकाची सुरुवात. आमच्यापैकी कोणी नारळ कधी उचलूनही पाहिला नव्हता. मीही नाही. जड असतो म्हणतात.

आता गोदीचं सांगतो.

गोदी वानर. नारळ फेकणं तिचं काम. तिच्या टोळीतली संघात आलेली ती पहिलीच. ती फेकायची तेव्हा नारळ हवेत स्वतःभोवती फिरत जायचा आणि पळणाऱ्या सशाच्या कुशीत असा उतरायचा, की सशाला वाटायचं आपणच तो मघाशी तिथे ठेवला होता. हे मी सरावात पाहिलंय. सामन्यात पाहायला मिळणं अवघड, कारण सामन्यात ती बहुतेक वेळ हात मागे बांधून अनुमोदन ऐकत असायची.

तिच्यासमोर उभं राहून तिला वाचवायचं काम केरबा साळिंदराचं. अंगावर येणारा गडी केरबाला पाहून दोनदा विचार करायचा. केरबानं वडाखालची शाळा अर्ध्यात सोडली होती. गुरुजी पाढे म्हणून घ्यायचे, तो विचारायचा, "कशाला?" गुरुजींना उत्तर आलं नाही. दोघांपैकी एकानं जायला हवं होतं, केरबा गेला. मी त्याच्याच शेजारी बसायचो आणि त्याच आठवड्यात उठलो. तेव्हा भाषेच्या चुका काढत बसू नका.

हंगाम संपत आला. दादासाहेबांनी वडाखाली बैठक घेतली.

"कुठेतरी कमी पडतोय आपण," दादासाहेब म्हणाले.

"रिंगणात वेळ जातो," अस्वल मास्तर म्हणाले.

"रिंगण हा आपला वारसा आहे, मास्तर. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला नाही कळायचं." मग ते गोदीकडे वळले. "पोरी, नारळ फेकायचं काम कोणाचं?"

"माझं, दादासाहेब."

"रेघेपलीकडे गेला का एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

मग काय, बाळांनो. मोठ्यांच्या 'मग'ला लहानांनी उत्तर द्यायचं नसतं. आता शेवटचा सामना खडकमाळच्या कोल्ह्यांशी. त्यात नारळ एकदा तरी रेघेपार गेला नाही, तर फेकणारी बदलायची, असं ठरलं. सूचक टिटवीबाई, अनुमोदक अप्पा. ठराव एकमतानं मंजूर झाला. गोदीचं मत कोणी धरलं नाही, ती पोर.

संघाबाहेर म्हणजे कारवीबनाबाहेर. फेकणाऱ्यानं जिथला संघ तिथेच राहायचं, संघ सुटला की जंगलही सुटलं, हा खेळाचा नियम. गोदीची आई, तिचं उंबराचं झाड, पाणवठ्यावर तिला हाका मारणारी तिची टोळी, सगळं इथे. ती त्या दिवशी झाडावर गेलीच नाही. मैदानात बसून राहिली.

केरबा तिच्या शेजारी जाऊन बसला. जरा लांब, काटे असल्यामुळे.

"थेरडे आहेत सगळे," तो म्हणाला. "त्या कासवाला उलटं करून ठेवलं पाहिजे."

"मला एकच नारळ फेकू दे रे," गोदी म्हणाली. "एकच. नीट. बाकी मला काही नको."

"मी आहे ना समोर. तुझ्या वाटेत कोणी आलं तर बघ."

शेवटच्या सामन्याला आम्ही सगळे खडकमाळला गेलो. पट्टे ओढून. बेडूकसुद्धा.

कोल्ह्यांचा म्होरक्या होता झिपऱ्या. तो आमच्या गड्यांशी बोलायला आला.

"वाईट नका वाटून घेऊ," तो म्हणाला, "पण तुमच्याशी खेळायचं म्हणजे आमची पोरं पेंगतात. मागच्या वेळी दोघं घोरत होती. आज जरा खेळू या का?"

"आम्हालाही आवडलं असतं," गोदी म्हणाली.

झिपऱ्यानं डोकं खाजवलं. मग त्यानं आमच्या वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि खडकामागे पाहुण्यांसाठी फराळाची सोय असल्याचं सांगितलं. करवंदं, मध, मोहाची फुलं. अप्पांसाठी कोवळी काकडी. अप्पा जेवढ्या वेगानं खडकामागे गेले, तेवढा वेग आमच्या संघात त्या हंगामात कोणी दाखवला नव्हता.

आणि सामना झाला, बाळांनो. खराखुरा.

कोल्ह्यांनी एकदा रेघ गाठली. मग नारळ आमच्याकडे आला. मैदानात ना कासव, ना टिटवी, ना गवा. अस्वल मास्तरांना रिंगणात पहिल्यांदा वाक्य पूर्ण करायला मिळालं. "गोदी, उजवीकडे फेक," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

गोदीनं फेकला. सशानं धरला. पुढे सरकलो. पुन्हा फेकला. पुन्हा पुढे. दोन कोल्हे केरबाच्या अंगावर आले आणि काटे उपटत परत गेले. पेंगणारे कोल्हे जागे होऊन ओरडायला लागले. आम्ही तर वेडेच झालो. पुढे सरकणारा आमचा संघ कसा दिसतो तेच आम्हाला माहीत नव्हतं. एका खारीला वाटलं आपण चुकून दुसऱ्यांसाठी ओरडतोय, ती गप्प बसली.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा रेघ तीन पावलांवर होती. सूर्य डोंगराआड गेला की सामना संपतो. एक डाव शिल्लक. कोल्ह्यांचा एक गुण, आपला एकही नाही. हा नारळ पार गेला की हंगामातला पहिला गुण, आणि गोदी कारवीबनातच राहणार.

गडी गोल उभे राहिले. सुतार पक्ष्यानं टकटक सुरू केली.

"सशा, तू डावीकडून," गोदी म्हणाली.

"बरं," ससा म्हणाला.

"थांबा जरा," मागून आवाज आला.

अप्पा होते. तोंडाला मध लागलेला. त्यांच्यामागे दादासाहेब, टिटवीबाई, सगळी मंडळी. फराळ संपला होता.

"असा ऐतिहासिक क्षण," अप्पा म्हणाले, "आणि रिंगणात अध्यक्ष नाही?"

"अप्पा, सूर्य बुडतोय," गोदी म्हणाली.

"सूर्य आमच्यासमोर लहानाचा मोठा झालाय, पोरी. थांबेल."

टिटवीबाई सुरू झाल्या. आज सभेचा विषय होता गोदीचा सत्कार, कारण तिनं कारवीबनाचं नाव रेघेजवळ नेलं होतं. पळसाचं मोठं पान आणलं होतं, ते शाल म्हणून तिच्या खांद्यावर घातलं. आता सत्काराला नारळ हवा. दादासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मैदानात नारळ एकच होता, गोदीच्या हातात. तो त्यांनी काढून घेतला. टिटवीबाईंनी त्याला कुंकवाचं बोट लावलं. दादासाहेबांनी तो दोन्ही हातांनी गोदीला परत दिला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू. सवय असते.

"आता फेकू?" गोदीनं विचारलं.

"सत्काराचा नारळ फेकतात होय गं?" अप्पांना धक्काच बसला. "घरी न्यायचा. देवापुढे ठेवायचा."

"मग डावाला दुसरा द्या."

"दुसरा बागेत आहे," दादासाहेब म्हणाले. "कारवीबनात."

टकटक मंदावत चालली होती.

तेव्हा केरबा पुढे झाला. अंगावरचे सगळे काटे उभे. अप्पा नकळत कवचात गेले.

"पुरे," केरबा म्हणाला. "हे रिंगण आहे, बारशाचा कार्यक्रम नाही. तुम्ही बोलता म्हणून आम्ही हरतो. अख्खा हंगाम तुम्ही बोलून बोलून खाल्लात."

मग आम्ही टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या त्या हंगामात वाजल्या नव्हत्या. पोरं उभी राहिली. कोणीतरी शीळ घातली. आमच्या पोटातलं शेवटी कोणीतरी बोललं होतं.

केरबानं आमच्याकडे पाहिलं. त्याच्यासाठी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती. त्यानं घसा साफ केला.

"आज मला मुद्दाम तीन गोष्टी सांगायच्या आहेत," तो म्हणाला.

गोदीनं त्याचा एक काटा ओढला. "केरबा, झालं. मला फेकू दे."

"एक मिनिट, गोदे. तुझ्याच बाजूनं बोलतोय." आणि तो आमच्याकडे वळला. "पहिली गोष्ट. या जंगलात लांबलचक भाषणांची जी परंपरा आहे, ती कुठून आली? त्यासाठी आपल्याला थोडं मागे जावं लागेल."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

टकटक थांबली. पाच पावलं मागे. सगळं रिंगण मागे सरकलं, केरबा बोलत बोलत सरकला. सुतार पक्ष्यानं पुन्हा टकटक सुरू केली.

गोदीनं कुंकू लागलेला नारळ घट्ट धरला. "अप्पा काय म्हणायचं ते म्हणोत, मी हाच फेकते," ती म्हणाली. "केरबा, समोर उभा राहा. कोल्हे येतील."

"येतोच," केरबा म्हणाला. "एवढंच सांगून मी माझे दोन शब्द संपवतो. दुसरी गोष्ट."

झिपऱ्या कोल्हा हात बांधून उभा होता. त्याची पोरं एकेक करून गवतात बसायला लागली.

दुसरी गोष्ट चालू असताना सूर्य डोंगराआड गेला. तिसरी गोष्ट अंधारात झाली. ती वेळेच्या महत्त्वाबद्दल होती. फार सुंदर बोलला. एका टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती चिटणीस होती.

हंगाम संपला की सगळ्यात खाली राहिलेल्या संघाला नव्या गड्यांमधून पहिला गडी निवडू देतात. दुबळ्यानं सावरावं म्हणून केलेला नियम. अप्पांना एवढंच कळलं की पहिला मान आपला. वाजतगाजत मिरवणूक निघाली. आम्ही नाचलो. निवडायला एक तरस होता वाऱ्यासारखा पळणारा, एक रानडुक्कर होता कोणालाही आडवं करणारा. आमच्या मंडळींनी मोर निवडला. नारळ त्याला उचलत नव्हता. स्वागताला बरा दिसेल, असं ठरलं.

ठरावाप्रमाणे गोदी गेली. झिपऱ्या तिला न्यायला आला होता. तिची आई उंबराच्या खालच्या फांदीपर्यंत उतरली, त्याखाली तिला उतरवेना. गोदीनं सत्काराचा नारळ आईजवळ दिला आणि म्हणाली, "हा फोडून खा."

केरबा वाटेत उभा होता. "मी तुझ्या बाजूनं बोललो होतो, गोदे," तो म्हणाला.

"ऐकलं मी," गोदी म्हणाली. "सगळं ऐकलं. तेवढंच केलं मी त्या डावात."

ती गेल्यावर दादासाहेबांनी केरबाला बोलावून घेतलं. केरबा भांडायच्या तयारीनं गेला.

"पोरा," दादासाहेब म्हणाले, "तू आमचे कान उपटलेस. बरं केलंस. तळमळीनं बोलतोस. टिटवीबाईंना आता झेपत नाही. रिंगणाचं सूत्रसंचालन तू कर."

"मी?" केरबा म्हणाला. "पण मला सभा बंद करायच्यात."

"कर की," अप्पा कवचातून म्हणाले. "त्याच विषयावर दर डावाला थोडं थोडं बोलत जा."

पुढच्या हंगामात कोल्हे आमच्याकडे खेळायला आले. गोदी त्यांच्याकडून फेकत होती. केरबाच्या गळ्यात पानांची माळ, काट्यांना आता तेल लावलेलं. तो मैदानाच्या मध्यावर आला आणि म्हणाला, "आज आपल्यासमोर फेकायला उभी आहे ती आपल्याच मातीतली लेक. तिचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. तरीही..."

कोल्ह्यांच्या रिंगणात गोदी "डावीकडून" म्हणाली. नारळ केरबाच्या डोक्यावरून गेला, स्वतःभोवती फिरत, आणि रेघेपलीकडे धावणाऱ्या कोल्ह्याच्या कुशीत उतरला. केरबानं मान वर करून तो जाताना पाहिला. ओठ हलत होते. बहुतेक त्याला हे परिचयात घ्यायचं होतं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणासाठी, ते आम्ही अजून वडाखाली बसून ठरवतोय.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांची चीड आली तर ती मनात दाबू नका. सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात, मुद्देसूद चिडा. मोठी माणसं मनाची उदार असतात, पुढच्याच वर्षी तुम्हाला आपल्या शेजारी बसवून घेतात. नारळ काय, कोणतंही माकड फेकतं.